माझा नवरा वांगं खात नाही

पहिल्या उमेदवाराने कॅमेऱ्यात बघून एका दमात चेक भाषेत सांगितलं, "मी बाभुळगावची आहे. माझे वडील शाळेत शिक्षक होते. मला एक बहीण आहे. ती नागपुरात राहते. माझा नवरा वांगं खात नाही."

उमेदवाराचं नाव निखिल. वय पंचवीस, दाढी राखलेली, लग्न अजून व्हायचंय. वडील कापूस-सोयाबीन करतात आणि त्याला बहीण नाही. बाभुळगावची मी आहे. वांगं न खाणारा नवराही माझाच.

स्क्रीनवर हानाबाई होत्या. चेक देशातल्या एका ट्रक दुरुस्ती कंपनीत भरतीचं काम त्यांच्याकडे. मी खोलीच्या कोपऱ्यात बसले होते. शिकवणाऱ्याने इंटरव्ह्यूत तोंड उघडायचं नाही, असा नियम. तो नियम त्या दिवशी मला फार जड गेला.

मी चेक शिकवते. पुण्यात शिकले, काही वर्षं चेक देशात एका ऑफिसात काढली, मग आईच्या आजारपणामुळे यवतमाळला परत आले. इथे चेक कोण शिकणार, असं मलाही वाटलं होतं. पण ढोले सरांनी मला शोधून काढलं. त्यांचा पोलीस भरतीचा आणि तलाठी परीक्षेचा क्लास आहे, आणि तो जोरात चालतो. त्या कंपनीला मेकॅनिक हवे आहेत हे त्यांच्या कानावर आलं. अट एकच होती. भाषा मध्यम पातळीपर्यंत यायला हवी, म्हणजे कामाबद्दल आणि स्वतःबद्दल मोकळं बोलता यायला हवं. तिथले सुपरवायझर इंग्रजी बोलत नाहीत, आणि ट्रकखाली झोपलेल्या माणसाला सूचना कळली नाही तर काय होतं ते सांगायला नको. सरांनी सहा मेकॅनिक गोळा केले आणि बॅच सुरू केली.

चेक व्याकरण पायरीपायरीने चढावं लागतं. आधी शब्दाचं लिंग. मग 'मी आहे, तू आहेस'. मग विभक्त्या. आपल्याकडे 'बहीण'चं 'बहिणीला', 'बहिणीने' होतं, तसं तिथेही शब्दाचं शेपूट बदलतं. 'सेस्त्रा' म्हणजे बहीण. 'मला बहीण आहे' म्हणायचं तर ती 'सेस्त्रु' होते. अशा सात विभक्त्या. शाळेत प्रथमा ते संबोधन पाठ केलेल्या मराठी माणसाला हे खरं तर सोपं जायला हवं.

ढोले सर दुसऱ्याच आठवड्यात वर्गात आले.

"मॅडम, या सातातल्या आयएमपी कोणत्या?"

"सर, सातही."

"असं नसते मॅडम. पाच पक्क्या करू, दोन ऑप्शनला टाकू."

"सर, विभक्ती ऑप्शनला टाकता येत नाही. माणूस बोलताना सगळ्या वापरतो."

"बोलू द्या न त्याले पाचातच," सर म्हणाले आणि फोन घ्यायला बाहेर गेले.

विद्यार्थीही त्यांच्याच तालमीतले. नवीन काही फळ्यावर लिहिलं की प्रश्न ठरलेला, "मॅडम, हे येते का परीक्षेत?" मी म्हणायची, परीक्षा नाही, गप्पा आहेत. समोरची बाई काहीही विचारेल. यावर सगळे मान हलवायचे आणि थोड्या वेळाने विचारायचे, "पण मॅडम, काहीही म्हंजे साधारण काय?"

बॅचमध्ये वयाने मोठा झुबेर शेख. वणी रोडला त्याचं गॅरेज होतं, कोळशाचे ट्रक यायचे. रस्ता रुंद झाला, गॅरेजचा पुढचा भाग गेला, ट्रक उभा करायला जागा उरली नाही. तेव्हापासून तो लोहाऱ्यात दुसऱ्याच्या हाताखाली काम करत होता. कंपनीची वयाची अट चाळीस. पुढच्या भरतीपर्यंत त्याची चाळिशी उलटणार होती, म्हणजे त्याला हा एकच इंटरव्ह्यू. "अठरा वर्सं मीच मालक होतो मॅडम," एकदा तो म्हणाला, "आता कोनी पाना आन म्हनलं का आधी मांगं पाह्यतो, कोनाले म्हनते म्हून." मी त्याला तिसरी विभक्ती पुन्हा समजावली.

सगळ्यांत कठीण पायरी क्रियापदांची. चेकमध्ये जवळजवळ प्रत्येक क्रियापद जोडीने येतं. एक काम चालू असतानाचं, दुसरं काम पुरं झाल्याचं. वर्गाला हे काही केल्या कळेना. माझा खडू संपला आणि धीरही. शेवटी मी वऱ्हाडीत म्हटलं, "दुरुस्त करून राह्यलो, हे एक. दुरुस्त करून टाकलं, हे दुसरं."

झुबेर म्हणाला, "म्हंजे गाडी खोलून ठेवली थे एक, अन् चाबी देल्ली थे दुसरं."

"हो, झुबेरभाई. अगदी तेच."

त्या दिवशी मी घरी जाताना खुशीत होते. ती खुशी टिकली नाही.

स्वतःची ओळख कशी करून द्यायची हे दाखवायला मी माझी ओळख फळ्यावर लिहिली होती. बाभुळगाव, वडील, बहीण, नवरा, वांगं. म्हटलं, हा नमुना. उद्या प्रत्येकाने आपापलं लिहून आणा. दुसऱ्या दिवशी एकानेही आणलं नव्हतं. उलट प्रत्येकाच्या हातात माझीच ओळख होती, लॅमिनेट केलेली. सरांनी फळ्याचा फोटो काढून प्रिंट मारून वाटली होती.

"सर, हे माझ्या घरचं आहे. यांचं नाही."

"पण बरोबर हाय न, मॅडम? तुमी सोता लिहेल हाय. पोराईनं आपलं लिहिलं अन् चुकलं तर? कायले रिस्क घ्यायची?"

मी मुलांना बजावलं, हे पाठ करू नका. सगळ्यांनी मान हलवली. अशी मान हलवणं म्हणजे काय, हे इतकी वर्षं विदर्भात काढून मला कळायला हवं होतं.

तर, इंटरव्ह्यू. निखिलनंतर दुसरा आला. त्याचाही नवरा वांगं खात नव्हता. तिसऱ्याची बहीणही नागपुरात. हानाबाईंनी त्याला मध्येच थांबवून विचारलं, "तुम्ही सगळे एकाच घरचे आहात का?" हा प्रश्न कागदावर नव्हता. तो हसला आणि उरलेलं वांगं म्हणून मोकळा झाला.

हानाबाईंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. "पुढच्यांचंही हेच असेल तर आपण इथेच थांबू."

मला इतका संताप आला होता की क्षणभर वाटलं, थांबूच. मग झुबेर आठवला. मी म्हणाले, "अजून एक माणूस ऐका." आणि बाहेर गेले.

तो व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होता. हातात तो लॅमिनेट कागद. मी तो काढून घेतला.

"झुबेरभाई, हे बोलायचं नाही."

"मॅडम, हे सोडलं तं मंग माह्यापाशी हाय काय?"

"गॅरेज आहे ना तुमचं."

"होतं."

"मग होतं म्हणा."

तो आत जाऊन बसला. हानाबाई म्हणाल्या, स्वतःबद्दल सांगा. झुबेरने घसा साफ केला. "मी बाभुळगावची..." इथपर्यंत आला आणि थांबला. मी डोळे मिटून घेतले.

हानाबाईंनी अगदी कोरड्या आवाजात विचारलं, "आणि तुमचा नवरा? वांगं खातो का?"

झुबेरला प्रश्न कळला. तो कानापर्यंत लाल झाला. मग एकेक शब्द शोधत म्हणाला, "मला नवरा नाही. बायको आहे. बायको वांगं चांगलं करते. मी खातो. मला गॅरेज होतं. वणी. रस्ता मोठा झाला, गॅरेज लहान झालं. मग गॅरेज नाही."

विभक्त्या जवळजवळ सगळ्या चुकल्या होत्या. मी बोटांवर मोजत होते, मग मोजणं सोडून दिलं.

हानाबाई पुढे झुकल्या. "त्या गॅरेजमध्ये शेवटचा ट्रक कोणता दुरुस्त केला?"

"कोळशाचा. ब्रेक. हवा जात होती. मालकाला घाई. तो म्हणाला, दे, मी जातो. मी दुरुस्त करत होतो. दुरुस्त केला नव्हता. चावी माझ्या खिशात. मी दिली नाही."

"मालक चिडला?"

"खूप. तो ओरडत होता, मी दुरुस्त करत होतो. मग दुरुस्त केला. मग चावी दिली."

दोन्ही क्रियापदं, प्रत्येक वेळी, जिथे हवं तिथे. हानाबाईंनी चष्मा पुन्हा लावला आणि काहीतरी लिहून घेतलं. नंतर अर्धा तास ते दोघं ब्रेकबद्दल बोलत राहिले. झुबेर अडला की हातवारे करायचा, बाई शब्द पुरवायच्या, तो शब्द उचलून पुढे जायचा. मी कोपऱ्यात बसून रुमालाने डोळे पुसले, आणि कोणी बघितलं नाही म्हणून बरं वाटलं.

उरलेल्या दोघांनी कागद म्हणून दाखवला.

झुबेरची निवड झाली. तो गेला. आता तिकडून मेसेज करतो, सहावी विभक्ती अजून चुकते. बाकीच्यांना कंपनीने पुढच्या भरतीला पुन्हा बोलावलं. हानाबाईंनी मेलच्या शेवटी एक ओळ लिहिली होती: प्रत्येकाने कृपया आपापले आईवडील आणि जोडीदार घेऊन यावं. मी ती ओळ ढोले सरांना वाचून दाखवली. ते गंभीर होऊन म्हणाले, "एवढ्याईच्या व्हिसाचा खर्च कंपनी करते का?"

नवी बॅच सुरू झाली. जुने पाच, नवे चार. पहिल्याच सराव इंटरव्ह्यूला निखिल उठला. मी म्हटलं, स्वतःबद्दल सांग. त्याने घसा साफ केला. "मी बाभुळगावची..." म्हणाला आणि थांबला. बरोबर तेवढाच वेळ थांबला. मग म्हणाला, "मला नवरा नाही. बायको आहे. मला गॅरेज होतं. वणी."

झुबेरच्या सगळ्या चुका जशाच्या तशा, एकही इकडची तिकडे नाही.

मी तशीच ढोले सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांच्या फोनवर झुबेरच्या इंटरव्ह्यूचं रेकॉर्डिंग चालू होतं आणि टेबलावर लॅमिनेशनचं मशीन गरम होत होतं.

"सर, हे काय आहे?"

"मॅडम, राग नका मानू," सर समजुतीने म्हणाले. "तुमचं उत्तर बरोबर होतं, पन् फेल गेलं. हे पास झालेलं हाय."

मी एवढंच शिकले की फळ्यावर खरं काही लिहायचं नाही. आता ओळख शिकवताना मी लिहिते: मी चंद्रावर राहते, मला चार नवरे आहेत, चौघेही घोडे आहेत. म्हटलं, हे तरी कोणी आपलं म्हणून सांगणार नाही.

दोघांचं पाठ झालं आहे.