लाथ कोणी मारली?

लहानपणी ती एका जागी टिकायची नाही, म्हणून आई तिला भिंगरी म्हणायला लागली. पुढे ती नृत्यमंडळीत पगारी नर्तकी झाली, तिथंही तेच नाव चिकटलं. वर्षानुवर्षं भिंगरी मागच्या रांगेत नाचत आली होती. आणि आता नव्या प्रयोगात मास्तरांनी तिला एकटीचा तुकडा दिला होता! रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उड्या घेत जायचं, आणि शेवटची उडी अशी, की बघणाऱ्याचा श्वास अडकावा.

ही बातमी घेऊन ती जिन्याच्या पायऱ्या गाळत घरी आली. नवरा मंडळीतलाच, दिवे सांभाळणारा. त्याला सगळं आधीच ठाऊक होतं. तरी तिनं ते पुन्हापुन्हा सांगितलं आणि त्यानंही दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखं केलं.

एक गोष्ट मात्र तिनं त्यालाही सांगितली नव्हती. सकाळी उठताना तिची उजवी टाच जमिनीला टेकत नसे. पोटरीला टाचेशी जोडणारी जाड शीर दोरखंडासारखी ताठ व्हायची, हात लावला की कढत लागायची. न्हाणीघराचं दार लावून ती तिच्यावर गरम पाणी ओतायची, भिंत धरून थोडं चालायची, मग गाडी रुळावर यायची. दुखणं बोलून दाखवू नये हे मंडळीत कुणी शिकवत नव्हतं, पण सगळ्यांना येत होतं. बोललं की जागा गेली. आणि तिला तर आत्ता कुठे जागा मिळाली होती.

तालमी एका जुन्या गोदामात चालायच्या. उंच खिडक्या, एका भिंतीला आरसे, खाली सिमेंटची जमीन आणि तिच्यावर पातळ काळी रबरी चटई. दिसायला झकास, पण उडी मारून खाली आलं की हादरा थेट दातांपर्यंत जायचा.

त्या दुपारी तालीम रंगात आली होती. ढोलवाला घामाघूम झालेला, मास्तर खुर्चीच्या कडेवर बसून मांडीवर ताल धरत होते, नवरा शिडीवर चढून दिवे जुळवत होता. भिंगरी धावली. पहिली उडी, दुसरी, अंग नुसतं पिसासारखं! शेवटच्या उडीसाठी तिनं उजवा पाय रोवला, आणि मागून कुणीतरी टाचेवर सणसणीत लाथ घातली. फटकन आवाज झाला, तो ढोलातूनही सगळ्यांना ऐकू गेला.

ती कोसळली. पडल्या पडल्या मागे वळून तिनं लंबूला विचारलं, "लाथ कशाला मारलीस रे?"

लंबू हा मंडळीतला सगळ्यात उंच नर्तक. पण तो पार पलीकडच्या भिंतीपाशी उभा होता. त्याची तंगडी कितीही लांब असली तरी तिथून पोचणं शक्य नव्हतं. भिंगरीनं टाचेवर हात नेला. जिथं शीर असायची तिथं खळगा होता, बोट आत जात होतं. आपण शिडीवरून कसे उतरलो, हे नवऱ्याला आजही आठवत नाही.

लाथ कुणी मारलीच नव्हती, शीर पार तुटली होती. डॉक्टरीणबाईंनी ती शिवली, प्लास्टर घातलं आणि कधीपासून दुखत होतं ते विचारलं. भिंगरी खोटं बोलणार होती, पण नवरा समोर उभा होता. उन्हाळ्यापासून, ती पुटपुटली. बाईंनी समजावलं की शीर एकाएकी तुटत नाही, आधी कुरकुरते, आणि सिमेंटवर उड्या मारत राहिलं की तिची झीज भरून यायला उसंतच मिळत नाही. पुन्हा नाचता येईल का, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "बहुतेक येईल. घाई केलीत तर नाही."

नवऱ्यानं तिला घरी आणून खाटेवर बसवलं. मग एवढंच बोलला, "शेजारी झोपतो मी तुझ्या. मलासुद्धा नाही सांगितलंस?" तिला पायापेक्षा ते जास्त लागलं.

सुट्टीच्या दिवशी अख्खी मंडळी भेटायला आली. दोन खोल्यांच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. भिंगरीनं उन्हाळ्यापासूनचं सगळं सांगून टाकलं. लंबू थोडा वेळ चुळबुळला, मग त्यानं विजारीचा पाय वर केला. नडगीवर नुसतं बोट ठेवलं तरी डोळ्यांपुढे काजवे चमकतात, म्हणाला. त्याच्या शेजारी बसलेल्या नर्तकीनं गुडघ्याला आवळलेला पट्टा दाखवला. मंडळीत नुकतीच आलेली, सगळे जिला धाकटी म्हणत, तिनं मोजा काढला तर घोटा चांगलाच सुजलेला. बघता बघता सगळे एकदम बोलायला लागले, जो तो आपलं दुखणं पुढे करू लागला. चहा घेऊन आलेली भिंगरीची आई दारातच थबकली.

"नाचायला जाता की कुस्ती खेळायला?" तिनं विचारलं.

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. भिंगरीच्या अंगात मात्र काहीतरी सळसळायला लागलं होतं. इतके दिवस आपण एकट्याच कुढतोय असं तिला वाटत होतं, आणि इथं तर घरभर दुखरे पाय! दुसऱ्याच दिवशी कुबड्या घेऊन ती गोदामात गेली, मागे सगळी मंडळी.

मास्तरांनी ऐकून घेतलं आणि नाक मुरडलं. आम्ही याच जमिनीवर आयुष्य काढलं, आम्हाला काही झालं का, असं म्हणत ते खुर्चीतून उठले, आणि त्यांचा गुडघा कटकन वाजला. कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले, शेवटी मास्तरही.

ते परत खाली बसले. "दोन्ही गेलेत," ते हळूच म्हणाले. इतक्या वर्षांत कुणी त्यांच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. "काय हवंय तुम्हाला?"

"झेल घेणारी जमीन," भिंगरी म्हणाली. "आणि दुखतंय म्हणून सांगणाऱ्याची जागा जायची नाही."

मास्तरांनी प्रयोग पुढे ढकलला. सुतार आला, लाकूड आलं. सिमेंटवर रबराचे जाड तुकडे, त्यांवर लाकडी पट्ट्या, पट्ट्यांवर प्लायवूड आणि सगळ्यात वर ती काळी चटई. नर्तक हाताखाली राबले. लंबूनं हातोडी स्वतःच्याच अंगठ्यावर मारून घेतली. हे दुखणं मात्र त्यानं ताबडतोब जाहीर केलं. जमीन पुरी झाली तेव्हा भिंगरी तिच्यावर तळहात टेकून बसली आणि लंबूला उडी मारायला लावली. तो खाली आला तशी जमीन किंचित दबली आणि परत वर आली. ते तळहाताला जाणवलं आणि तिला रडू फुटलं, हसूही.

पहिल्या प्रयोगात तिचा तुकडा धाकटीनं केला. भिंगरीनंच तो तिला शिकवला, आणि शिकवताना पोटात तुटायचं, हे तिनं लपवलं नाही. स्वतःचा पाय तिनं बाईंच्या सांगण्याबरहुकूम घडवला. आधी बसून, मग भिंतीला धरून. ज्या सकाळी एकट्या उजव्या पायावर टाच उचलता आली, त्या सकाळी तिनं नवऱ्याला झोपेतून उठवून ते दाखवलं.

पुढच्या हंगामात तो तुकडा पुन्हा तिच्याकडे आला. विंगेत धाकटीनं तिचा हात घट्ट दाबला. ढोल सुरू झाला, भिंगरी धावली. पहिली उडी, दुसरी, मग उजवा पाय रोवला. टाच मुकाट राहिली आणि ती उडाली! खाली आली तेव्हा टाळ्यांचा असा कडकडाट झाला की ढोल बुडाला.

तिच्या शेवटच्या उडीला लागायचा दिवा जरा उशिरा लागला. बटण अडकलं होतं, असं नवरा अजून सांगतो.