तीन कंपन्या, तीन विश्वकर्मा

हालदारबाबूंनी नवा युनिफॉर्म घडी घालून माझ्या टेबलावर ठेवला. मागे त्यांचे सगळे मेकॅनिक उभे, त्यांच्याही हातात युनिफॉर्मच्या घड्या. मी मनात म्हटलं, झालं, संपलं आपलं.

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. मोठं व्हायचा आमचा मार्ग सरळ आहे: छोट्या कंपन्या विकत घ्यायच्या. कोलकात्यात अशा तीन घेतल्या, शेवटची ही बागबाजारची, जिथे हालदारबाबू हेड मेकॅनिक. सौदा करणारे साहेब लोक सह्या करून, फोटो काढून पुण्याला जातात. मग माझं काम सुरू होतं, इंटिग्रेशन. म्हणजे आणलेल्या सुनेला नांदवायचं. या धंद्यात विकत मिळतात ती खरं तर माणसं. लिफ्ट अडकली की सोसायटीचा सेक्रेटरी कंपनीला नाही, हालदारबाबूंना फोन लावतो. ते गेले की त्यांच्यामागे बिल्डिंगा जाणार आणि आमच्याकडे नुसती पाटी उरणार.

निमित्त होतं पुण्याच्या आमच्या रानडे साहेबांच्या मेलचं: ‘वन कंपनी, वन पूजा.’ सप्टेंबरात इथे प्रत्येक वर्कशॉपात विश्वकर्मा बसतो, हत्यारांची पूजा होते. साहेबांनी ठरवलं, तिन्हींची मिळून एकच, सॉल्ट लेकच्या आमच्या ऑफिसात.

“पगार कम हुआ क्या, हालदारबाबू?”

“ना. नाम बदला, हम कुछ बोला? ऐप में हाजिरी भी दिया. लेकिन मॅडम, कंपनी मालिक का था, उन्होंने बेचा. पूजा हम लोग का है. वो तो किसी ने बेचा नहीं.”

त्यांना चहाला बसवलं आणि पुण्याला फोन लावला. तिकडे गणपती चालू होते.

“साहेब, हालदारबाबूंची अख्खी टीम चाललीय.”

“एका पूजेसाठी? समजाव त्यांना, वैशाली. देव एकच असतो.”

“तुमच्या सोसायटीत ए विंग आणि बी विंगचा गणपती एक झाला का हो?”

साहेब बी विंगचे अध्यक्ष. हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण ते स्वतःच सांगत असतात.

“ते वेगळं,” ते म्हणाले.

“कसं?”

“अगं, त्यांना आरती धड म्हणता येत नाही.”

समोरच्याला आपलंच वाक्य ऐकू यायला थोडा वेळ द्यावा लागतो.

“बरं, करा तीन,” अखेर ते म्हणाले. “मी येतो. पण जेवेन एकाच ठिकाणी.”

ते काही जमलं नाही. बागबाजारला पोहोचेपर्यंत त्यांची दोन ठिकाणची प्रसादाची खिचडी खाऊन झाली होती. तिथे त्यांनी नको म्हणून हात आडवा केला, तर हालदारबाबूंनी शांतपणे विचारलं, “हमारा वाला छोटा है क्या, सर?” साहेब मुकाट्याने मांडी घालून बसले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

त्या वर्षी एकही मेकॅनिक गेला नाही. आता नवी कंपनी बघायला गेले की ताळेबंदाआधी मी पूजा कुठे होते ते विचारते आणि तिच्या वाटेला जात नाही. साहेबांना अजूनही सगळं एक करायची हौस आहे. मी म्हटलंय, आधी ए विंगपासून सुरुवात करा. तिकडची बोलणी अजून सुरू झालेली नाहीत.