करंज्यांवर ठेवलेला फोन

नातवंडांनो, रविवारी तुम्ही आजोबांना व्हिडिओ कॉल केलात आणि समोर करंजी खाणाऱ्या एक अनोळखी बाई दिसल्या. तुमची आई घाबरली आहे, म्हणून आजच लिहायला बसले. आजोबा सुखरूप आहेत.

स्कूटर चालवताना फोन हेल्मेटमध्ये कानाशी खोचून बोलायची त्यांना सवय होती. मागच्या महिन्यात बडा फुहारा चौकात असंच तुमच्याशी बोलताना ते कापडाच्या दुकानाबाहेरच्या, साडी नेसवलेल्या पुतळ्यावर जाऊन धडकले. वेग बेताचा होता, कुणाला लागलं नाही. पुतळा मात्र आडवा झाला. आजोबांनी त्याला हात जोडले.

"बहनजी, माफ कीजिए."

दुकानदार म्हणाला, "दादाजी, ये तो माफ कर देंगी. अगली वाली ज़िंदा होगी."

सगळे हसले. मागे बसलेल्या मला काही हसू आलं नाही.

घरी येताच मी नियम केला. निघण्याआधी फोन पोळ्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवायचा आणि डबा डिकीत. बोलायचंच असेल, तर गाडी कडेला उभी करून.

"काहून पण? पोरांचा फोन आला तर?"

"पोरं थांबतात. तुम्ही घरी या."

रविवारी दीक्षितपुऱ्यातल्या माझ्या मैत्रिणीचा डबा परत करायचा होता. रिकामा डबा कसा पाठवायचा, म्हणून मी त्यात करंज्या भरल्या. आजोबांना फोनचा डबा सापडेना. त्यांनी फोन करंज्यांवरच ठेवला, झाकण लावलं आणि नियम पाळत दीक्षितपुऱ्याला गेले. तिथे फोनसकट डबा दारातच देऊन परत आले. मैत्रिणीने झाकण काढून एक करंजी तोंडात टाकली, तोच डब्यातल्या फोनवर तुमचा कॉल आला आणि तिने तो घेतला.

इकडे आजोबा खिसे चाचपत मला म्हणाले, "पाहा, तुझ्या नियमानं फोन गेला. आता तो कानाशीच ठेवतो."

"फोन काय, ती आणून देईल. तुम्ही रस्त्यात पडलात तर तुम्हाला कोण आणून देईल?"

त्यांनी चहा दोनदा मागितला.

संध्याकाळी मैत्रीण आली. तिनेही डबा रिकामा आणला नव्हता. चिवड्यातून आम्ही फोन काढला, पुसला. चार्जिंगच्या भोकातली शेव आजोबांनी टाचणीने काढली.

फोनला अजून तिखटाचा वास येतो. नियम चालू आहे. फोनच्या डब्यावर मी लाल दोरा बांधला आहे.