पंचाहत्तर मीटर पूर्वेला

बारा डिसेंबर, गुरुवार. देऊ केलेली रक्कम एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार. हजर: मोजणीदार, गॅस कंपनीची दोन माणसं, मी आणि माझी बायको. शहापूर-मुरबाड रस्त्याच्या आतल्या अंगाला आमचं भाताचं शेत आहे. त्यातून पाइपलाइनसाठी अठरा मीटर रुंदीचा पट्टा जाणार होता. जमीन आमच्याच नावावर राहणार, पण त्या पट्ट्यात पुढे घर, विहीर किंवा मोठं झाड चालणार नाही. कागद मी दोनदा वाचला आणि सही केली नाही.

त्याच आठवड्यात आसपासच्या गावांची देवळात बैठक झाली. खुंट्या ठोकू द्यायच्या नाहीत आणि सगळ्यांनी मिळून एकच हरकत द्यायची, असं ठरलं. लिहायचं काम माझ्याकडे आलं. पहिले नऊ दिवस आम्ही सगळे बांधावर पाळीने बसलो. माळावरच्या वाडीतली एक म्हातारी मात्र रोज यायची. तिथली मजुरांची चार घरं माझ्या आजोबांच्या काळापासून आमच्या जागेत आहेत. कागद काही नाही. कंपनीने ठोकलेली पहिली खुंटी तिनेच उपटली. कुणीतरी म्हणालं, "तुझं काय जातं गो आजी? तुला ना शेत ना बांध."

"म्हनून तर मला बसायला टाइम हाय," ती म्हणाली.

अर्जावर सह्या घेताना तिने अंगठा पुढे केला. ज्यांचा सातबारा त्यांचीच सही धरतात, असं मी तिला सांगितलं. तो नियम मी कुठे वाचला होता, हे मला आजही सांगता येत नाही.

हरकतींची मुदत संपायच्या आदल्या दिवशी मी आणखी एक अर्ज दिला, फक्त माझा. टेप लावून मोजलेली अंतरं नकाशावर लिहिली: घरापासून अकरा मीटर, विहिरीपासून सात. बैठकीत याबद्दल बोललो नव्हतो. तालुक्याच्या कचेरीत टेबलावर तशाच वेगवेगळ्या अर्जांचा गठ्ठा होता. सगळ्यात वरचा अर्ज आमच्या बैठकीच्या अध्यक्षांचा. कारकुनाने माझा त्यावर ठेवला आणि शिक्का मारला.

सुनावणीच्या आधीच रस्त्याकडेला पाइप येऊन पडले. तोंडं टोपणांनी बंद केलेली. जाता-येता मी मोजत असे. चाळीस, मग एकशे दहा, मग दोनशे साठ. बांधावर बसणारी माणसं त्याच दिवसांत कमी होत गेली. शेवटी म्हातारीसह तिघं उरली.

सुनावणीत साहेबांनी सगळ्यांची हरकत एका वाक्यात फेटाळली. मग माझा नकाशा उचलला.

"मोजमाप बरोबर आहे. तुमची हरकत मंजूर. लाइन पंचाहत्तर मीटर पूर्वेला सरकेल."

पूर्वेला माळ होता. तिथे घरं आहेत, असं मी म्हणालो. उताऱ्यावर कुठे आहेत, त्यांनी विचारलं. उतारा माझाच होता. त्यावर घरं नव्हती.

घरी सांगितल्यावर बायकोने एवढंच विचारलं, की आता वाडीत कोण सांगणार. मी दोन दिवस गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो, तर म्हातारीच्या दाराशी लाल फडक्याची खुंटी होती. ही तिने उपटली नव्हती. तिने मला बसायला गोणपाट टाकलं.

"तुझं आयकलं ना त्यांनी, दादा?"

"ऐकलं."

"मग आता आमची लिव. तुला लिवता येतं."

मुदत संपली होती. तरी लिहिली, चारही घरांचे अंगठे घेऊन. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. होळीनंतर मशीन वाडीत दीड दिवस होतं. माणसं भातसानगरच्या बाजूला नातेवाइकांकडे गेली.

मला दोन लाख सात हजार मिळाले. त्यांतले एकसष्ट हजार पाचशे हे वाडीतल्या सहा आंब्यांचे आणि दोन फणसांचे. ती झाडं म्हातारीच्या नवऱ्याने लावलेली, म्हणून तेवढे बँकेतून काढून तिला दिले. तिने न मोजता घेतले. उरलेले एक लाख पंचेचाळीस हजार पाचशे माझ्या खात्यात आहेत. चार घरांचं कुणालाही काही मिळालं नाही.