शेवटच्या सायकलच्या मागे

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, आणि डेपोत माझ्याहून सीनियर ड्रायव्हर. त्यामुळे मला घरीही त्यांचं ऐकावं लागतं आणि कामावरही. अर्थात ऐकायला फारसं काही नसतं, कारण दाजी बोलतातच कमी. बस चालवताना साधा हॉर्न वाजवायचा म्हटलं तरी त्यांच्या जिवावर येतं. डेपोत सगळे त्यांना ‘गोगलगाय’ म्हणतात आणि ते त्यालाही ‘ओ’ देतात. मला त्याचा संताप येतो, त्यांना येत नाही.

दोन वर्षांपूर्वी शहरात सायकलींचा मोठा कार्यक्रम झाला. शर्यत नव्हे, ज्याला वाटेल त्याने जमेल तशी चालवायची. हजारो माणसं, आणि सकाळभर मुख्य रस्ते गाड्यांना बंद. रस्ते बंद म्हणजे बस बंद, त्यामुळे रविवारची ड्यूटी असून दाजी मोकळे. कार्यक्रमवाल्यांनी डेपोला छातीवर लावायचे काही नंबर फुकट पाठवले होते. कुणी घेईना, तेव्हा त्यातला एक दाजींच्या गळ्यात पडला. नाही म्हणणं त्यांना जमत नाही, हे सगळ्या डेपोला ठाऊक आहे.

ताईने शेजाऱ्यांची सायकल मागून आणली. मी पाण्याच्या टाकीच्या चढाच्या तोंडाशी फुटपाथवर उभा होतो, खरं सांगायचं तर हसायला. पण दाजी आले ते माणसांच्या लोंढ्यात, आपल्याच रूटवरून, आपल्याच स्टॉपांसमोरून, आणि शेजारच्या अनोळखी माणसाशी चक्क गप्पा मारत. चढावर त्यांची दमछाक झाली तेव्हा मागच्या एका बाईने त्यांच्या पाठीला हात लावून थोडं पुढे ढकललं. दाजी हसले. इतकी वर्षं झाली, ताईच्या लग्नाच्या फोटोतही हा माणूस हसलेला नाही.

दुपारी त्यांना विचारलं, कसं वाटलं. ते म्हणाले, "आज रस्त्यावर कुणी मला शिव्या दिल्या नाहीत रे."

मग त्यांनी एक जुनी सायकल विकत घेतली. ताई पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करते, तिचं दुकान बुधवारी बंद असतं, म्हणून दाजींनीही फार पूर्वीच आपली सुट्टी बुधवारची करून घेतली होती. त्या बदल्यात रविवारची ड्यूटी कायमची त्यांच्या माथी. आता बुधवारी सकाळी ते सायकल काढू लागले आणि अर्ध्या तासात तोंड पाडून परत येऊ लागले. ताईला वाटलं गुडघे दुखतात. तसं नव्हतं. एकट्याने सायकल चालवणं म्हणजे रिकामी बस डेपोत परत नेण्यासारखं आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांना सायकल नको होती, त्यांना ती माणसं हवी होती.

म्हणून दाजी क्लब शोधायला लागले. सायकलच्या दुकानदाराने दोन-तीन ठिकाणं सांगितली. एक क्लब पट्टीच्या लोकांचा होता. सगळ्यांचे कपडे एकसारखे, पोटऱ्या दगडासारख्या. त्यांनी दाजींना वेग विचारला. दाजींनी बसचा सांगितला असता तरी तो कमी पडला असता. दुसरा क्लब निवृत्त मंडळींचा. ते आठवड्यात कामाच्या वारी निघत आणि सायकलपेक्षा चहा जास्त चालवत. दाजींना ते आवडलं असतं, पण त्यांचा वार मंगळवार. तिसरा क्लब मात्र अगदी मनासारखा. सगळ्या वयाचे, साध्या सायकलींवाले, आणि जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं की आम्ही कुणालाही मागे सोडत नाही. त्यांचा वार रविवार.

ड्यूटी बदलून मिळावी म्हणून दाजींनी सगळ्यांच्या विनवण्या केल्या. रविवार घ्यायला कोण तयार होणार? मी स्वतः तेव्हा नवा होतो, माझ्या हातात काहीच नव्हतं. तरी दाजी त्या क्लबच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये शिरले. सगळ्यांच्या ‘शुभ सकाळ’ला उत्तर द्यायचे, कुणाचं चाक पंक्चर झालं की हळहळायचे, आणि दर शनिवारी लिहायचे, ‘पुढच्या रविवारी नक्की.’ ग्रुपमध्ये त्यांच्या नावापुढे फुलाचा फोटो होता. हा माणूस आहे तरी कोण, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं.

आणि गंमत म्हणजे दर रविवारी दाजी त्यांच्याबरोबरच असायचे. क्लब चौकातल्या घड्याळापासून निघून पाण्याच्या टाकीचा चढ चढायचा, आणि दाजींची बस स्टेशनहून निघून त्याच चढाने वरच्या हॉस्पिटलला जायची. चौकाच्या पुढे ते घोळक्याच्या मागे लागायचे. ओव्हरटेक करता यायचं, करायचे नाहीत. मला कौतुकाने सांगायचे, लाल मोज्यांवाला आज आला नव्हता, दाढीवाल्याने सीट उंच केली. त्यांना क्लबातल्या प्रत्येकाची पाठ ओळखू यायची. तोंड एकाचंही पाहिलेलं नव्हतं.

त्यात एक पिवळ्या जाकिटाची बाई होती. चढ लागला की ती मागे पडायची, आणि कुणालाही मागे न सोडणारा तो क्लब वळणाआड दिसेनासा व्हायचा. दाजींना ते बघवेना. त्या चढावर मोटारी सायकलींना अगदी घासून जातात. म्हणून दाजी आपली बस तिच्या मागे ठेवायचे, पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही बाजूंचे दिवे लुकलुकत, थेट टाकीपर्यंत. बस मागे असली की तिला कुणी कट मारू शकत नाही, असं ते मला म्हणाले होते. बोलताना त्यांचा चेहरा असा होता की मी थट्टा करायची सोडून दिली.

बसमधले लोक अर्थातच वैतागायचे. हॉस्पिटलात सकाळच्या पाळीला जाणारी एक नर्स नेहमी दाराजवळ उभी असायची. ती एकदा म्हणाली, "दादा, रात्रपाळीची मुलगी माझी वाट बघत ताटकळते." दाजींनी तिची माफी मागितली आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच केलं. सरळ माणूस एकदा हट्टाला पेटला की त्याच्यापुढे हात टेकावे लागतात.

व्हायचं तेच झालं. डेपोच्या साहेबांनी बोलावून विचारलं, टाकीच्या चढावर दर रविवारी तुमचं काय चालतं? तक्रार आली आहे. दाजींनी पुढचं ऐकूनही घेतलं नाही. हो साहेब, चूक माझीच आहे, म्हणून मोकळे झाले. साहेब काही वाईट माणूस नव्हे, पण कबूल करणाऱ्याला तो तरी काय विचारणार? त्याने दाजींना रूटवरून काढलं आणि आवारात लावलं. म्हणजे डेपोतल्या डेपोत गाड्या धुण्याच्या जागेवर न्यायच्या, डिझेल भरून आणायचं, ओळीत लावायच्या. रस्त्यावरचा ड्रायव्हर आवारात फिरतो तेव्हा त्याच्याकडे कुणी बघत नाही, तो आपला खाली मान घालून असतो. आणि त्यांचा रविवारचा रूट आला माझ्याकडे. मेहुण्याला आहेर मिळाला, म्हणून डेपोने मला चिडवून बेजार केलं.

पण आवाराचं काम रविवारी बंद असतं. हे सगळ्यात आधी ताईच्या लक्षात आलं. दाजींच्या लक्षात आलं तेव्हा ते इतके ओशाळले, की जणू सगळा बेत त्यांनीच रचला होता.

इकडे मी त्या नर्सवर डूख धरून होतो. ती चढली की मी समोर बघायचो, तिच्या नमस्काराला उत्तर द्यायचो नाही. दाजी मला म्हणायचे, तिचं बरोबरच होतं, तू कशाला रागावतोस? मी रागावणं सोडलं नाही. मग एक दिवस तिनेच विचारलं, आधीचे दादा दिसत नाहीत? मी म्हटलं, तक्रार केलीत ना तुम्ही. ती म्हणाली, तक्रार कशाला करू, उशीर व्हायचा खरा, पण बाकी माणूस देव होता. माझा काही विश्वास बसला नाही.

दाजींचा क्लबबरोबरचा पहिला रविवार उजाडला. ताईने त्यांचा शर्ट इस्त्री करून दिला. सायकलवर इस्त्रीचा शर्ट घालून जाणारा त्या क्लबातला तो पहिला आणि शेवटचा माणूस असावा. मी आपली बस घेऊन चौकापुढे आलो, चढाला लागलो, आणि समोर पाहिलं तर सगळ्यांच्या मागे, पार एकटे, दाजी. शर्ट पाठीला चिकटलेला. पुढच्या लोकांचा पत्ता नव्हता. पिवळं जाकीटसुद्धा वळणाआड गेलं होतं.

माझा ऊर भरून आला. मी मनात म्हटलं, दाजी, आता तुम्ही बिनघोर चला, मागे मी आहे. बस पहिल्या गिअरमध्ये टाकली, दिवे लुकलुकते केले आणि त्यांच्या मागे राहिलो. मागून हॉर्न वाजले, मी दाद दिली नाही. दाजींनी मागे वळून पाहिलं. मी हात केला. त्यांनी पुन्हा पाहिलं, आणि हाताने खुणावलं, जा, पुढे जा. मला वाटलं नेहमीप्रमाणे संकोच. मी तसाच राहिलो. त्यांनी तिसऱ्यांदा वळून पाहिलं तेव्हा सायकल हेलपाटली. मग ते खाली उतरले, सायकल कडेच्या गवतात ओढली आणि माझ्याकडे बघून इतक्या जोरात हात झटकला की मी चरकलो. दाजींना रागावलेलं मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. मी पुढे निघून गेलो. दुसरं काय करणार होतो?

दुपारी ताईकडे गेलो तो भांडायच्याच तयारीने. दाजी कोमट पाण्यात पाय सोडून बसले होते. मी म्हटलं, भर रस्त्यात माझा अपमान कशाला केलात, मी तुमच्यासाठीच थांबलो होतो ना.

"पाठीमागे असली की बस फार मोठी वाटते रे," ते म्हणाले. "मला कधी माहीतच नव्हतं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सकाळी घड्याळाखाली सगळ्यांनी त्यांचं स्वागत केलं, फुलाच्या फोटोवाले काका म्हणून टाळ्यासुद्धा वाजवल्या. पिवळ्या जाकिटाची बाई स्वतःहून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. नव्या माणसाला सांगायला हवं म्हणून तिने सांगितलं, की चढावर जपून राहा. इथे रविवारी एक बस यायची. तो ड्रायव्हर मला एकटी गाठून वरपर्यंत पाठलाग करायचा, घरघर करत, दिवे मारत. मी पडले असते तर चाकाखालीच गेले असते. शनिवारी रात्री मला झोप लागायची नाही. शेवटी मी तक्रार केली तेव्हा कुठे त्याला काढलं.

ताईच्या हातातला पेला तसाच राहिला. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

"काय म्हणणार? तिने विचारलं, तुम्ही काय करता. मी म्हटलं, गाड्या धुवायला नेतो."

ताईचं म्हणणं, पुढच्या रविवारी सांगून टाका, मनात ठेवून सुख लागायचं नाही. माझं म्हणणं, अजिबात नको. इतक्या खटपटीने माणसं मिळाली, ती एका वाक्यात जातील. आम्ही बहीणभाऊ बराच वेळ वाद घालत बसलो. दाजींनी पाय पुसले आणि आत जाऊन झोपले.

ते नर्सचं मला नंतर आठवलं. रविवारी ती चढली तेव्हा मी आधी नमस्कार केला. तिने घेतला, कारण विचारलं नाही.

दाजी क्लबात जाणं सोडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी सोडलं नाही, पण त्यांना ते सुखाचंही होईना. दर रविवारी आज सांगतोच असं ठरवून निघतात आणि न सांगता परत येतात. कारण ती बाई आता त्यांच्यासाठी थांबते. त्या एवढ्या क्लबात तीच एकटी थांबते. मागे राहणं काय असतं ते मला ठाऊक आहे, काका, असं तिने त्यांना सांगितलं. बाकीचे वळणाआड जातात आणि ही दोघं सावकाश चढतात. ती त्यांना गिअर कसा टाकायचा, श्वास कसा घ्यायचा ते शिकवते. दाजींना हवी होती तशी सोबत त्यांना मिळाली आहे. ती घेताना त्यांना चोरी केल्यासारखं वाटतं आणि सांगितलं तर ती जाते. मी तरी यातून त्यांना काय वाट काढून देणार?

मागच्या रविवारी मी चढाला लागलो तेव्हा दोघंच पुढे होती. दाजी रस्त्याच्या आतल्या बाजूला, ती कडेने. बसचा आवाज ऐकून तिने मागे पाहिलं. एवढ्या लांबूनही तिचे खांदे आखडलेले मला दिसले. मला वाटलं आता ती गवतात उतरणार. तिने उलटं केलं. दाजींना कडेला घेतलं आणि स्वतः आतल्या बाजूला आली, त्यांच्या आणि माझ्या बसच्या मध्ये. ती काय म्हणाली ते दाजींनी मला दुपारी सांगितलं.

"काका, तुम्ही कडेने चला. घाबरू नका, मी आहे ना."

मी समोरचा रस्ता मोकळा असल्याचं पाहिलं, बस जमेल तेवढी लांब घेतली आणि हॉर्न न वाजवता पुढे गेलो. दाजी मान खाली घालून पेडल मारत होते.