तुरीचे दाणे नदीवर

पिंपळगाव राजाच्या शाइस्ताबाईंचं काम काय, हे त्यांच्या गल्लीतल्या लोकांना कधी नीट कळलं नाही. परदेशातल्या संस्था आपल्याकडे पैसा लावतात, कुठे तलाव, कुठे शौचालयं, कुठे शाळेच्या खोल्या. काम सुरू व्हायच्या आधी गावाला काय हवं ते विचारायचं आणि काम संपल्यावर ते खरंच झालं का ते पाहायचं, यासाठी उन्हातान्हात हिंडणारं माणूस लागतं. बुलढाणा जिल्ह्यात सोळा वर्षं ते माणूस म्हणजे शाइस्ताबाई. अहवालावर नाव साहेबांचं, धूळ बाईंची.

धुळीचं सोडा, त्यांनी मारही खाल्ला. एका गावात शौचालय वापरता का विचारलं म्हणून म्हाताऱ्याने अंगावर कुत्रं सोडलं. पोटरीचा लचका गेला. दुसरीकडे एका झिंगलेल्या माणसाने फॉर्मची पिशवी विहिरीत फेकली आणि बाईंनाही काठावर ढकलत नेलं. बायका धावल्या म्हणून वाचल्या. घरी येऊन वडिलांना, रहेमतुल्लांना, म्हणाल्या, "पाय घसरला, अब्बा." दुसऱ्या दिवशी नवे फॉर्म घेऊन पुन्हा त्याच गावात. असा हट्टी जीव.

मागच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्या धामणगाव बढ्याच्या पुढच्या एका गावी गेल्या. हे गाव त्यांचं लाडकं. पाच वर्षांपूर्वी इथल्या पाणी योजनेची आखणी त्यांनीच लोकांना बसवून केली होती. पाझर तलाव, त्याच्याखाली विहीर, विहिरीवरून वरच्या गावाला आणि खालच्या वस्तीला नळ. वस्तीतल्या गोजरबाईने तेव्हा जमिनीवर बोट टेकवून सांगितलं होतं, "नळ इथं पायजे, माह्या दारापुढं." तलाव झाला, विहीर झाली, पाइपही टाकला. पण पाइपवरचा व्हॉल्व्ह बसला पाणी समितीचे अध्यक्ष माणिकराव यांच्या संत्र्याच्या बागेजवळ, आणि त्याची चावी माणिकरावांच्या खिशात. बाग हिरवीगार, वस्तीचा नळ कोरडा. संस्थेला दरवर्षी जाणाऱ्या कागदांवर मात्र वस्ती पोटभर पाणी पीत होती!

आता शेवटच्या तपासणीला खुद्द परदेशातून एक बाई आल्या होत्या. सोबत बुलढाण्याच्या ऑफिसातली संजीवनी, दुभाषी म्हणून. वस्तीला पाणी मिळालं नाही असं निघालं, तर माणिकरावांची समिती बरखास्त आणि व्हॉल्व्ह दुसऱ्याच्या हाती. मिळालं असं निघालं, तर पुढची पाच वर्षं सगळं त्यांच्याच मुठीत. गोजरबाईच्या दारातल्या नळाचा निकाल त्या एका सकाळी लागायचा होता.

शाइस्ताबाईंची पद्धत ठरलेली. चावडीपुढे रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा, तलाव, विहीर, नदी, घरं. मग घरटी एक दाणा द्यायचा आणि सांगायचं, जिथलं पाणी पिता तिथे ठेवा. अक्षरओळख नको, बोलायची भीती नको. एरवी सगळ्यांना एकच धान्य. या वेळी बाईंनी मोजायला सोपं जावं म्हणून वरच्या गावाला हरभरा दिला आणि वस्तीला तूर.

सोळा वर्षं हेच काम केलेल्या बाईला एवढं कळू नये? दाणा कुणाचा हे दुरून दिसत होतं. हरभरे विहिरीवर पडले. तुरीचे तेवीसच्या तेवीस दाणे नदीवर. गोजरबाईचा मुलगा भागवत, पंचविशीचा, टाळी वाजवून ओरडला, "मोजा मॅडम! एकही तूर हिरीवर नाई!" लोक हसले. माणिकराव हसले नाहीत. ते पाहुण्या बाईंना जेवायला घरी घेऊन गेले.

तिकडे पुरणाची ताटं वाढली जात होती तेव्हा इकडे पानठेल्यापाशी माणिकरावांच्या चौघा माणसांनी भागवतला पाडलं. एकाच्या हातात बैलगाडीची उभारी, म्हणजे जाड लाकडी दांडा, एकाच्या हातात लोखंडी टामी. पहिला फटका कानावर बसला, दुसरा डोक्यात, मग मोजायचं कारणच उरलं नाही. पोराच्या तोंडून आवाज येणं बंद झालं तरी हात चालूच. चावडीवर रांगोळी झाडत बसलेल्या शाइस्ताबाई तशाच धावल्या आणि मध्ये पडल्या. उभारी त्यांच्या मनगटावर आली. हाड मोडल्याचं त्यांना स्वतःला ऐकू आलं.

"बाई, बाजूले व्हा! हे गावचं हाय," एकजण म्हणाला आणि त्याने भागवतच्या बरगडीत आणखी एक लाथ घातली. ठेलेवाल्याने शटर ओढून घेतलं होतं. वीस माणसं उभी होती, एकाचाही पाय पुढे आला नाही. गोजरबाई आली ती किंचाळत, आणि मुलाच्या अंगावर आडवी झाली, तेव्हा कुठे ते थांबले. जाता जाता तिच्या गोठ्यामागची कुटाराची, गुरांच्या चाऱ्याची, गंजी पेटवून गेले.

भागवतला बुलढाण्याला नेलं. अठरा टाके, डावा कान गेला. शाइस्ताबाईंचा हात प्लास्टरमध्ये. त्या संजीवनीला म्हणाल्या, "हे मॅडमला सांग. आत्ता सांग."

"ताई, मी सांगितलं, जुनं भांडण आहे म्हणून. आणि फॉर्ममध्ये याला रकाना कुठेय?" संजीवनी नजर चुकवत म्हणाली. वर तिने सांगितलं, की नकाशातले आकडे जुन्या कागदांशी जुळत नाहीत, म्हणून मॅडमना उद्या पुन्हा एकदा दाणे ठेवून हवेत.

दुसऱ्या सकाळी पुन्हा चावडी, पुन्हा रांगोळी. बाईंनी या वेळी सगळ्यांना ज्वारी वाटली. उपयोग काय? टामीवाला नकाशाच्या कडेलाच उकिडवा बसला होता, दात कोरत. वस्तीची माणसं एकेक करून आली, खाली मान घालून वाकली आणि दाणा विहिरीवर ठेवून गेली. नदीवर एकही नाही. शेवटी गोजरबाई आली. लुगड्यावर कालचं रक्त तसंच. तिने दाणा विहिरीवर ठेवला, दाबून.

"माय, खरं ठेव. मी आहे ना," शाइस्ताबाई हळूच म्हणाल्या.

"तू हायस? तू उद्या घरी जाशीन. मले इथंच राहाचं हाय, पोराले घेऊन." म्हातारीचा आवाज कापत नव्हता. "लिही वं बाई. पानी येते. रोज येते."

शाइस्ताबाईंनी लिहिलं. डाव्या हाताने, वेडंवाकडं, पण लिहिलं. सगळ्या घरांना पाणी. स्वतःचीच किळस वाटत होती.

माणिकराव पुढे झाले, हात जोडून. "पाहा मॅडम, आमच्या गावात कायचं भांडन नाई. सारे एका कुटुंबावानी." संजीवनीने ते इंग्रजीत सांगितलं. पाहुण्या बाई प्रसन्न हसल्या. माणिकराव गोजरबाईकडे वळले आणि म्हणाले, "सांग वं, हाय का भांडन?"

गोजरबाई "नाई मालक" म्हणेपर्यंत शाइस्ताबाईंचा डावा हात सुटला होता. मुस्काटात बसलेली ती थप्पड चावडीभर वाजली. माणिकरावांचा फेटा रांगोळीत पडला. बाईंनी दुसरीही ठेवून दिली, आणि तिसरीला हात उचलला तेव्हा लोकांनी धरलं. काल वीसजणांत एकही हलला नव्हता, आज दहाजण धावले.

तीन महिन्यांनी अहवाल आला. योजना यशस्वी, पाणी सर्व घरांत, पुढचा टप्पा मंजूर, समिती तीच. मारहाणीबद्दल त्यात एकच वाक्य होतं: एका स्थानिक महिला कर्मचाऱ्याने ग्रामस्थावर हात उगारला, तो प्रसंग वगळता तपासणी शांततेत पार पडली. त्या कर्मचाऱ्याला यापुढे काम देऊ नये, अशी शिफारसही होती.

शाइस्ताबाई वस्तीवर गेल्या त्या माफी मागायला. गोजरबाई आटलेल्या नदीच्या वाळूत झिरा उकरून, खड्ड्यात झिरपणाऱ्या पाण्याने वाटीवाटीने हंडा भरत होती. भागवत शेजारी बसला होता. बाईंनी डावीकडून हाक मारली ती त्याला ऐकू गेली नाही.

"थप्पड मारली, बरं केलं," गोजरबाई वर न पाहता म्हणाली. "पन आता इचाराले येत नको जाऊ, बाई. तुह्या इचारन्यानं पोरगं मरता मरता राह्यलं."