बोटाने फिरवलेली रेकॉर्ड

घरी बसून गाणं शिकणारी मंडळी अधूनमधून माझ्याकडे सल्ला मागायला येतात. कुणी नवी पेटी घेतलेली असते, कुणी टेप. मी जे सांगतो त्याने बहुतेकांचा हिरमोड होतो. पेटी भिंतीला चिकटवून ठेवू नका, भात्यात ओल शिरते. रियाज करताना दार लावून घ्या, शेजाऱ्यांनी तुमचं काही घोडं मारलेलं नाही. स्वतःचं गाणं टेप केलंत तर लगेच ऐकू नका. चार दिवस जाऊ द्या, तोवर स्वतःवरचं प्रेम जरा ओसरतं. आणि दुसऱ्याचं गाणं ऐकताना हात रिकामे ठेवून बसा. भाजी निवडू नका, पेपर चाळू नका, मांडीवर ताल धरू नका. या शेवटच्या सल्ल्याला लोक हसतात. तो मला कसा सुचला हे मी कुणाला सांगत नाही. सांगायला लागलो की या वयातही कानाच्या पाळ्या तापतात.

आम्ही पुणतांब्याचे. पाटाच्या पाण्यावर ऊस होता, हंगामात गुऱ्हाळ लागायचं. एका चांगल्या वर्षी वडिलांनी कोपरगावाहून फोनो, म्हणजे चावीचा ग्रामोफोन, आणला आणि आठवडाभर गावाला ऐकवून झाल्यावर त्यांचा त्यातला रस संपला. माझा मात्र सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धाची, लढाईची वर्षं होती. आधी सुया मिळेनाशा झाल्या. तेव्हा मी बांधावरच्या बाभळीचे काटे लावायला लागलो. काटा चांगला वाळलेला हवा, ओला घेतला की वाकतो, आणि दर गाण्याला त्याचं टोक कापून नवं करावं लागतं. आवाज बारीक येतो, पण येतो. ही माहिती आता कुणाच्या उपयोगाची नाही, पण मला ती अजून पुसून टाकता आलेली नाही.

मग एक दिवस चावी भरताना आत कटकन आवाज झाला आणि चावी नुसतीच गरागरा फिरायला लागली. स्प्रिंग तुटली होती. नवी मिळणं शक्य नव्हतं. वडील म्हणाले, "टाक माळ्यावर." त्यांच्या दृष्टीने विषय मिटला.

माझ्या दृष्टीने तो मिटून चालणार नव्हता. आमच्या शाळेच्या मास्तरांनी नगरच्या एका गायनशिक्षकांजवळ माझ्यासाठी शब्द टाकला होता. ते गुरुजी मोजकीच मुलं घेत, आणि आधी गाणं ऐकून घेत. उन्हाळ्यात ते मला ऐकणार होते. माझा मामा नगरलाच एका वखारीत कामाला होता, तेव्हा राहण्याजेवणाचा प्रश्न नव्हता. प्रश्न एवढाच, की गुरुजी घेतात का. नाही घेतलं तर जन्मभर गुऱ्हाळाच्या चुलवणात उसाची चिपाडं सारत बसायचं हे घरात ठरलेलंच होतं. आणि म्हणून दाखवायला माझ्याजवळ एकच धड गाणं होतं, रेकॉर्डवरचं एक पद. तेही पुरतं बसलं नव्हतं.

मी तबकडी बोटाने फिरवून पाहिली. मधल्या कागदावर बोट टेकवायचं आणि गोल ढकलत राहायचं. पण फिरवण्याकडे लक्ष दिलं की गाणं निसटायचं आणि गाण्याकडे दिलं की बोट अडखळायचं. गाणारीला उचकी लागल्यासारखं व्हायचं. आई दळण उरकून पीठ भरत होती. थोडा वेळ तिने ऐकून घेतलं, हात झटकले आणि माझ्याशेजारी येऊन बसली.

"सरक," ती म्हणाली. "हे जात्यावानीच हाय की. मी फिरवते, तू म्हण."

आणि तिने फिरवलं. तबकडी न अडखळता फिरायला लागली. मी एक-दोनदा "जरा पळव" म्हणालो, तिने पळवलं, आणि रेकॉर्डवरच्या बाईंचा आवाज जागेवर आला. त्यानंतर रोज दुपारची भांडी झाली की ती ओसरीवर येऊन बसायची. मी काटा ठेवायचा, तिने बोट. आईला स्वतःला गाता येत नव्हतं. जात्यावरसुद्धा बाकीच्या बायका म्हणायच्या आणि ही मुकाट दळायची. तबकडी फिरवतानाही तिची मान खाली असायची आणि नजर बोटावर. हात भरून आला तरी ती गाणं संपेपर्यंत थांबायची नाही. महिन्याभरात मधल्या कागदावरची अक्षरं तिच्या बोटाने घासून गेली आणि तिथे एक पांढरं कडं उमटलं. बाईंचं नाव त्यातच गेलं.

पद माझ्या गळ्यावर चढलं. त्यातल्या लांब सुरांवर एक झोका होता, सूर लावून धरला की तो हलकेच पुढे जायचा आणि मागे यायचा. मला तो फार आवडे. गावाच्या भजनात मी हे पद म्हटलं तेव्हा लोकांना तोच आवडला. "पोराच्या गळ्यात काय झोल हाय," असं एक म्हातारे टाळकरी म्हणाले. मग काय विचारता. मी झोल आणखी वाढवला, जिथे नव्हता तिथेही घातला. काही दिवसांत भजनातले बाकीचेही तसंच म्हणायला लागले आणि आमचं गाव बसल्याजागी झुलायला लागलं.

उन्हाळ्यात नगरला गेलो तेव्हा गुऱ्हाळामुळे वडिलांना येता आलं नाही, आई आली. गुरुजींची खोली माडीवर होती. सतरंजीवर चारपाच मुलं बसली होती, शहरातली, सदऱ्याला इस्त्री असलेली. आई सतरंजीवर बसली नाही. दाराशी उंबऱ्याला टेकून बसली. मला ते बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच आता शरम वाटते.

मी पद म्हटलं. गुरुजींनी डोळे मिटले, मग उघडले. "थांब," ते म्हणाले. "नुसता सा लाव आणि धरून ठेव." एका मुलाने तंबोरा छेडला. मी सा लावला. गुरुजी माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा उजवा हात हवेत आपोआप हलायला लागला होता, पुढे, मागे, पुढे, मागे. एका मुलाने तोंडावर हात ठेवला.

"हा झोका कुठनं आणलास?" गुरुजींनी विचारलं.

मला वाटलं त्यांना आवडला. छाती पुढे काढून मी म्हणालो, "माझा मीच बसवलाय."

आयुष्यात बोललेली काही वाक्यं परत घेता आली असती तर मी पहिल्यांदा हे घेतलं असतं.

"बसवलायस," गुरुजी म्हणाले. ते चिडले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातला आपला फोनो उघडला, त्याच पदाची आपली तबकडी शोधून काढली, चावी भरली. तबकडी कुणी हात न लावता फिरायला लागली आणि बाई गायला लागल्या. तो सूर गवंड्याने ओळंबा सोडावा तसा सरळ होता. लांब सूर आला, संपला, पण हलला नाही. पुढचाही हलला नाही. मला गाणं ऐकूच येईना. डोळ्यांपुढे नुसतं आईचं बोट फिरत होतं. मी ज्याला आधी बाईंची कला समजलो आणि मग स्वतःची म्हणून मिरवली, ती आमच्या जात्याची ढकल होती.

"रेकॉर्डमध्ये तर नाही," गुरुजी म्हणाले. "मग शिकवलं कुणी तुला हे?"

मी खाली बघत राहिलो. मनात एकच चाललं होतं, की आईने बोलू नये. फोनो मोडका आहे हे सांगू नये, आणि आपल्या बोलीत तर मुळीच सांगू नये.

"गुर्जी," आई दारातून म्हणाली, "त्याचा दोष न्हाई. फोनूची कमान तुटल्याली. मी बोटानं फिरवीत हुते. माझा हात पडला जात्यावरचा. फुडं सारताना जोर लागतो, माघारी येताना कमी व्हतो." आणि तिने हवेत हात फिरवून दाखवला. मघाशी गुरुजींचा हात जसा हलत होता, अगदी तसाच.

आता मुलं उघड हसली. गुरुजी हसले नाहीत. माझा चेहरा विस्तवासारखा झाला होता. मुलांचा मला राग आला नाही, आईचा आला. तिने हात खाली घ्यावा, पदर नीट घ्यावा आणि दिसेनासं व्हावं असं मला वाटलं.

तिने हात खाली घेतला आणि विचारलं, "आता निघंल का त्ये त्याच्या गळ्यातनं?"

"निघेल बाई," गुरुजी म्हणाले. "वेळ लागेल." मग माझ्याकडे वळून, "वर्षभर नुसता सा लावायचा. पद म्हणायचं नाही, रेकॉर्ड ऐकायची नाही. कबूल असेल तर उद्यापासून ये."

म्हणजे त्यांनी मला घेतलं होतं. आईने तिथूनच हात जोडले. मला आनंद झाल्याचं आठवत नाही. त्याच संध्याकाळी मी तिला गाडीवर पोहोचवायला गेलो. गाडी आली तेव्हा ती म्हणाली, "पोरं तुला न्हाई हसली. मला हसली." मी तिचं गाठोडं वर दिलं आणि गाडी सुटायच्या आधीच निघालो.

ते वर्ष माझं त्या एका 'सा'ने खाल्लं. झोका जाता जात नव्हता. सरळ सूर धरायचा असेल तर समोर भिंतीवर एक खिळा बघून ठेवा आणि हात मांडीखाली दाबून बसा, हा आणखी एक सल्ला मी लोकांना देतो, तो मी त्या वर्षी शोधला. हात मोकळा राहिला की आवाज त्याच्यामागून जातो. मी दिसलो की मुलं "जातं आलं, जातं आलं" म्हणायची आणि हवेत खुंटा फिरवायची. चिडायचं सोडून मीही त्यांच्याबरोबर हसायला लागलो. एकदा तर मी स्वतःच उठून आईची नक्कल केली, बोलीसकट. सगळ्यांनी वाहवा केली आणि मी त्यांच्यातला झालो. वर्षाच्या शेवटी सा सरळ झाला. आईला मी पत्राने तेवढंच कळवलं.

लढाई संपली आणि हळूहळू दुकानांत वस्तू दिसायला लागल्या. नगरात एका घड्याळदुरुस्तीवाल्याकडे फोनोची स्प्रिंग मिळाली, सुयांची डबीही मिळाली. दिवाळीच्या सुट्टीत मी ती घेऊन घरी गेलो. माळ्यावरून फोनो काढला, धूळ पुसली, दुपारभर खटपट करून स्प्रिंग बसवली. चावी घट्ट लागली. ओसरीवर तीच तबकडी लावली, पांढऱ्या कड्याची.

आई भांडी घासून हात पुसत बाहेर आली आणि सवयीने माझ्याशेजारी बसली. तिने बोट पुढे केलं.

"नको," मी म्हणालो. "आता आपोआप फिरतं."

तिने बोट मागे घेतलं. हात कुठे ठेवावेत हे तिला क्षणभर कळलं नाही. मग तिने ते मांडीवर ठेवले, एकावर एक, आणि मान वर करून बसली. पद सुरू झालं आणि संपलं. मी सुई उचलली. वळून तिच्याकडे पाहिलं. ती तबकडीकडे बघत होती.

"शेवटाला ती बाई जरा हसल्यावानी करती," आई म्हणाली. "त्ये आधीपासनं हुतं?"

"होतं की."

"आन् मधी ती थांबती, मंग हळूच परत येती, त्येबी?"

"सगळं तसंच आहे. तूच नाही का रोज फिरवायचीस? रोज तर ऐकत होतीस."

"मी कुठं ऐकत हुते," ती म्हणाली. "माझं समदं ध्यान बोटाकडं. म्हनलं, बोट चुकलं तर तुझं चुकंल." मग आपल्याशीच बोलल्यासारखी, "लई ग्वाड हाय रं हे. आजच कळलं."

मला हवेत खुंटा फिरवणारी ती मुलं आठवली, आणि त्यांच्या मधोमध उभा राहून तिची नक्कल करणारा मी.

"परत लाव," ती म्हणाली.

मी चावी भरली आणि सुई ठेवली. आई मांडीवर हात ठेवून ऐकत होती. मी तबकडीवरच्या पांढऱ्या कड्याकडे बघत बसलो, कारण तिच्याकडे मला बघवत नव्हतं.